सेवेच्या चिन्हाची राखण



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि त्या परिसरातील अनेक गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. त्यानंतरच्या दिवसांत देशाच्या कानाकोपऱ्यांतून मदतीचे हात त्या भागाकडे धावले. त्यांत सैनिक होते, डॉक्टर होते आणि निरनिराळ्या संस्थांचे स्वयंसेवकही होते. अशा प्रसंगी संकटग्रस्त माणसापाशी समोरच्याची चौकशी करण्याइतका वेळ नसतो आणि तेवढे त्राणही नसते. तो पाहतो ती दंडावरची पट्टी, खिशावरचा बिल्ला आणि अंगावरचा गणवेश. तेवढ्याच आधारावर तो आपले जखमी मूल एका अनोळखी माणसाच्या हाती सोपवितो.

स्वयंसेवी संस्थेचे बोधचिन्ह म्हणजे शोभेची वस्तू नव्हे, हे या एका गोष्टीवरून ध्यानात यावे. ते चिन्ह संस्थेच्या वतीने परक्या माणसाला दिलेला शब्द असते. तो शब्द ज्याने दिलेला नाही त्यानेच चिन्ह धारण केले, तर फसवणूक केवळ संस्थेची होत नाही. पुढच्या संकटात खऱ्या स्वयंसेवकाकडेही लोक संशयाने पाहू लागतात. म्हणूनच या चिन्हांवर हक्क कोणाचा, त्यांना कायद्याचे संरक्षण किती आणि ते टिकविण्याची जबाबदारी कोणावर, या प्रश्नांचा विचार अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य या सर्वांनीच करणे अगत्याचे आहे.

तांबड्या फुलीचा जन्म

जगातील सर्वांत परिचित सेवाचिन्ह कोणते, असे विचारल्यास बहुतेक जण पांढऱ्या पार्श्वभूमीवरील तांबड्या फुलीचे, म्हणजे रेडक्रॉसचे नाव घेतील. २४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीतील सोल्फेरिनो येथे फ्रान्स आणि सार्डिनिया यांच्या फौजांची ऑस्ट्रियाच्या सैन्याशी मोठी लढाई झाली. कामानिमित्त त्या भागात आलेल्या हेन्री ड्युनांट या स्विस व्यापाऱ्याने हजारो जखमी सैनिक शुश्रूषेवाचून तळमळत असलेले पाहिले. जवळच्या गावातील स्त्रियांना हाताशी धरून त्याने शत्रू-मित्र असा भेद न करता जखमींची सेवा केली. या अनुभवावर त्याने लिहिलेले पुस्तक १८६२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १८६३ मध्ये जिनिव्हा येथे पाच जणांची समिती स्थापन झाली. तीच पुढे आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समिती म्हणून ओळखली जाऊ लागली.

त्या काळी प्रत्येक देशाच्या सैनिकी रुग्णालयाचे निशाण वेगळे असे. ऑस्ट्रियाचे पांढरे, फ्रान्सचे तांबडे, तर स्पेनचे पिवळे होते. साहजिकच समोरच्या सैन्याला ते ओळखता येत नसे आणि जखमींना वाहून नेणाऱ्यांवरच गोळ्या झाडल्या जात. यावर उपाय म्हणून १८६३ च्या ऑक्टोबरमधील परिषदेने असे सुचविले की, जखमींची सेवा करणाऱ्या स्वयंसेवकांनी दंडावर पांढरी पट्टी बांधावी आणि तीवर तांबडी फुली असावी. २२ ऑगस्ट १८६४ रोजी झालेल्या पहिल्या जिनिव्हा कराराने या चिन्हाला आंतरराष्ट्रीय मान्यता दिली. अशा रीतीने हे चिन्ह मुळात एका साध्या दंडपट्टीवर जन्माला आले. त्याचा धार्मिक अर्थ अभिप्रेत नव्हता. स्वित्झर्लंडच्या ध्वजाचे रंग उलट करून ते तयार झाले, असा खुलासा १९०६ च्या करारात नमूद करण्यात आला. पुढे तांबड्या चंद्रकोरीला १९२९ मध्ये आणि तांबड्या स्फटिकाच्या आकृतीला २००५ मध्ये तोच दर्जा मिळाला.

या चिन्हाचे दोन उपयोग आहेत आणि त्यांतील फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. पहिला उपयोग संरक्षणाचा. युद्धकाळात सैन्याची वैद्यकीय पथके, रुग्णालये व रुग्णवाहिका यांच्यावर हे चिन्ह असले म्हणजे त्यांच्यावर हल्ला करावयाचा नाही, असे बंधन दोन्ही पक्षांवर येते. दुसरा उपयोग ओळखीचा. अमुक व्यक्ती किंवा वस्तू रेडक्रॉस संस्थेशी संबंधित आहे, एवढेच शांततेच्या काळात ते चिन्ह सांगते. "येथे औषध मिळते" किंवा "येथे डॉक्टर आहेत" असा त्याचा अर्थ या दोन्ही उपयोगांत कोठेच नाही. नेमका हाच अर्थ मात्र लोकांच्या मनात रूढ होऊन बसला आहे.

एका चिन्हामागची जोखीम

चिन्हाचा गैरवापर नेहमी वाईट हेतूनेच होतो, असे नाही. कोलंबिया या देशातील एक घटना या दृष्टीने विचार करण्यासारखी आहे. २ जुलै २००८ रोजी तेथील सैन्याने बंडखोरांच्या ताब्यातील १५ ओलिसांची एकही गोळी न झाडता सुटका केली. त्यांत माजी अध्यक्षीय उमेदवार इंग्रिड बेतांकूर यांचाही समावेश होता. मानवतावादी संघटनेचे कार्यकर्ते असल्याची बतावणी करून सैनिक तेथे गेले होते. या कामगिरीचे जगभर कौतुक झाले. परंतु पथकातील एकाने अंगावर रेडक्रॉसचे चिन्ह लावले होते, हे थोड्याच दिवसांत उघडकीस आले. राष्ट्राध्यक्ष उरीबे यांना ही गोष्ट जाहीरपणे मान्य करून आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीकडे दिलगिरी व्यक्त करावी लागली.

पंधरा जीव वाचले असताना दिलगिरी कशासाठी, असा प्रश्न कोणासही पडेल. त्याचे उत्तर त्याच जंगलात काम करणाऱ्या खऱ्या स्वयंसेवकांच्या स्थितीत आहे. दुसऱ्या दिवशी तीच फुली दंडावर बांधून एखादी परिचारिका बंडखोरांच्या प्रदेशातील आजारी माणसाकडे निघाली, तर ती खरोखर परिचारिका आहे की वेषांतर केलेला सैनिक आहे, याची खात्री त्यांनी कशी करावी? चिन्हाने एकदा खोटे सांगितले, की त्याची किंमत ज्याने ते खोटे वापरले त्याला द्यावी लागत नाही. ती प्रामाणिकपणे वापरणाऱ्याला द्यावी लागते.

भारतातील कायदा

१९४९ च्या जिनिव्हा करारांना भारताने १९५० मध्ये मान्यता दिली आणि त्यांच्या अंमलबजावणीसाठी संसदेने १९६० मध्ये जिनिव्हा करार अधिनियम संमत केला. या अधिनियमाच्या कलम १२ अन्वये केंद्र सरकारच्या मान्यतेशिवाय पांढऱ्या पार्श्वभूमीवरील तांबडी फुली, तांबडी चंद्रकोर, तसेच "रेडक्रॉस" किंवा "जिनिव्हा क्रॉस" ही नावे कोणत्याही कारणासाठी वापरण्यास मनाई आहे. रंग उलट करून, म्हणजे तांबड्यावर पांढरी फुली काढूनही सुटका होत नाही, कारण ते स्वित्झर्लंडचे राष्ट्रचिन्ह असल्याने त्याच कलमात त्यालाही बंदी आहे. मूळ चिन्हाशी भ्रम होईल इतके साम्य असलेली आकृतीही त्यात मोडते. कलम १३ मध्ये ५०० रुपयांपर्यंत दंडाची, तसेच ज्या वस्तूंवर चिन्ह वापरले असेल त्या सरकारजमा करण्याची तरतूद करण्यात आली. मात्र अशा गुन्ह्याची दखल न्यायालयाने सरकारच्या किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या तक्रारीवरूनच घ्यावयाची असते. त्यामुळे शासकीय यंत्रणेने लक्ष घातल्याखेरीज हा कायदा कागदावरच राहतो.

याला जोड म्हणून बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, १९५० हा आणखी एक कायदा आहे. राष्ट्रध्वज, संयुक्त राष्ट्रसंघ, जागतिक आरोग्य संघटना, महात्मा गांधी इत्यादी नावे व चिन्हे त्याच्या अनुसूचीत आहेत. केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीखेरीज त्यांचा धंद्यासाठी, व्यवसायासाठी किंवा व्यापारचिन्ह म्हणून उपयोग करता येत नाही. व्यापारचिन्हे अधिनियम, १९९९ नुसार अशा चिन्हाची नोंदणीही होऊ शकत नाही.

एवढे असूनही दवाखान्याची पाटी, औषधांच्या दुकानाचा फलक, डॉक्टरांच्या मोटारीची काच, खाजगी रुग्णवाहिका आणि शाळेतील प्रथमोपचाराची पेटी यांवर तांबडी फुली सर्रास दिसते. यात केवळ जनतेलाच दोष देता येणार नाही. कारखान्यांसंबंधीच्या जुन्या नियमांत प्रथमोपचार पेटीवर तांबडी फुली काढावी, असेच सांगितलेले आढळते. तेव्हा सुधारणेचा आरंभ कार्यालयांनी आपल्या स्वतःच्या भिंतींपासून आणि वाहनांपासून केला तर ते अधिक शोभून दिसेल. प्रथमोपचार दर्शविण्यासाठी हिरव्या पार्श्वभूमीवरील पांढरी फुली हे आंतरराष्ट्रीय मानकात मान्य झालेले चिन्ह आहे आणि ते वापरण्यास कोणाची आडकाठी नाही.

हक्काचा प्रश्न सेवाभावी संस्था आणि उद्योग यांच्यामध्येही उद्भवतो. अमेरिकेत जॉन्सन अँड जॉन्सन ही कंपनी १८८७ पासून आपल्या मालावर तांबडी फुली वापरीत आली आणि जुन्या वापरामुळे तिचा तो हक्क तेथील कायद्याने मान्य केला. १८८१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन रेडक्रॉसने पुढे काही कंपन्यांना हे चिन्ह लावून प्रथमोपचाराचे साहित्य विकण्याची परवानगी दिली, तेव्हा २००७ मध्ये कंपनीने दावा दाखल केला. न्यायालयाने कंपनीचे प्रमुख म्हणणे मान्य केले नाही आणि २००८ मध्ये दोन्ही पक्षांत समझोता झाला. संस्थेची सरशी झाली खरी. पण रणांगणावर जीव वाचविण्यासाठी निर्माण झालेले चिन्ह दुकानातील मालावर लावण्यासाठी न्यायालयात भांडावे काय, हा प्रश्न निकालाने सुटत नाही.

बालवीरांचा बिल्ला आणि गणवेश

गणवेशाच्या हक्काचा विचार करताना बालवीर चळवळीचे उदाहरण विशेष बोधप्रद ठरते. या चळवळीच्या बिल्ल्याचा भारताशी जुना संबंध आहे. १८९७ मध्ये लॉर्ड बेडन-पॉवेल भारतात एका घोडदळाच्या पलटणीचे प्रमुख होते. टेहळणीचे शिक्षण पूर्ण करणाऱ्या सैनिकांना ते लिलीच्या फुलाच्या आकाराचा पितळी बिल्ला देऊ लागले. होकायंत्रावर उत्तर दिशा दाखविणारी हीच आकृती होय. १९०७ मध्ये ब्राउन्सी बेटावर मुलांचे पहिले शिबिर झाले आणि त्या चळवळीने हाच बिल्ला आपला केला. तो विकत घ्यावयाचा नव्हता, मिळवावयाचा होता.

चळवळ वाढली तशी तिची नक्कलही होऊ लागली. ब्रिटनमध्ये १९१२ साली बालवीर संघटनेला राजसनद मिळाली होती. पुढे १९२६ मध्ये तेथील संसदेने राजसनदप्राप्त संस्थांची नावे व गणवेश यांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदाच केला. अमेरिकेत १९१६ मध्ये काँग्रेसने बालवीर संघटनेला सनद देऊन तिची चिन्हे, बिल्ले व विशिष्ट शब्द वापरण्याचा अनन्य अधिकार तिच्याकडे सोपविला. तथापि अनन्य अधिकारालाही मर्यादा असतात. त्या संघटनेने मुलींना प्रवेश देण्याचे ठरविल्यावर अमेरिकेतील गर्ल स्काउट्स या संघटनेने २०१८ मध्ये "स्काउट" या शब्दाच्या वापराबद्दल दावा केला. लोकांत गोंधळ होईल हे सिद्ध होत नाही, असे ठरवून न्यायालयाने २०२२ मध्ये तो फेटाळला. सेवेचे व्रत घेतलेल्या दोन संस्था एका शब्दासाठी चार वर्षे न्यायालयात होत्या, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

भारताने हा प्रश्न वेगळ्या मार्गाने सोडविला. बेडन-पॉवेल यांच्या संघटनेत आरंभी भारतीय मुलांना स्थान नव्हते. त्यामुळे डॉ. ॲनी बेझंट यांनी आणि पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी स्वतंत्र संघटना उभ्या केल्या. स्वातंत्र्यानंतर या निरनिराळ्या प्रवाहांना एकत्र आणण्याचे प्रयत्न झाले आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही एकच संघटना अस्तित्वात आली. १९५१ मध्ये गर्ल गाइड्सही तीत सामील झाल्या. तिच्या चिन्हात बालवीरांचे लिलीचे फूल, वीरबालांचे त्रिदल पान आणि मध्यभागी अशोकचक्र अशी तिन्ही प्रतीके आहेत. चिन्ह कोणाचे यावर वाद घालण्याऐवजी सर्वांना आपले वाटेल असे चिन्ह घडविले गेले.

महाराष्ट्राच्या परिचयाचे आणखी एक उदाहरण गृहरक्षक दलाचे आहे. ६ डिसेंबर १९४६ रोजी तत्कालीन मुंबई प्रांतात या स्वयंसेवी दलाची स्थापना झाली. दलातून बाहेर पडणाऱ्या सदस्याने आपले नियुक्तिपत्र व गणवेश परत केला पाहिजे, असा दंडक आहे. गणवेश अंगावर व्यक्तीच्या असला, तरी तो कर्तव्याचा असतो. कर्तव्य संपले की तो परत करावयाचा, असे हे साधे तत्त्व आहे.

लहान संस्थांनी काय करावे

रेडक्रॉस किंवा बालवीर संघटना यांच्यामागे मोठी परंपरा आणि कायद्याचे बळ आहे. परंतु तालुक्याच्या गावी पूरग्रस्तांना मदत करणारे मंडळ, रक्तदान शिबिरे भरविणारी संस्था किंवा अपघातग्रस्तांसाठी धावणारा तरुणांचा गट यांच्याजवळ काय असते? एक नाव, एक चिन्ह आणि एकसारखे सदरे. त्यांच्या संरक्षणाचा मार्ग सर्वसाधारण कायद्यांतूनच शोधावा लागतो.

पहिला मुद्दा चिन्हाच्या चित्राचा. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार चित्र काढणारा हाच सामान्यतः त्याचा पहिला मालक असतो आणि हा हक्क त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. बहुतेक संस्थांचे चिन्ह गावातील चित्रकलेच्या शिक्षकाने किंवा एखाद्या हौशी कलावंताने प्रेमापोटी काढून दिलेले असते. तो संस्थेचा नोकर नसल्यामुळे हक्क आपोआप संस्थेकडे येत नाही. त्यासाठी त्याच्या सहीचा लेखी करार हवा. त्या करारात मुदत लिहिली नसेल, तर हस्तांतरण केवळ पाच वर्षांचे मानले जाते. संपूर्ण मुदतीसाठी हक्क दिल्याचे एका कागदावर स्पष्ट लिहून घेतले, तर पुढचे अनेक तंटे टळतील. मंडळात फूट पडली की पहिले भांडण शिल्लक रकमेवरून होते आणि दुसरे नाव व चिन्ह यांवरून होते.

दुसरा मुद्दा नोंदणीचा. व्यापारचिन्हे अधिनियम, १९९९ मध्ये "सामूहिक चिन्ह" अशी सोय आहे. संघटनेच्या सदस्यांनी दिलेल्या सेवा इतरांपासून वेगळ्या ओळखू याव्यात, यासाठी हे चिन्ह असते. अर्जासोबत चिन्हाच्या वापराचे नियम द्यावे लागतात. चिन्ह कोणी वापरावे, सदस्यत्वाच्या अटी कोणत्या आणि गैरवापर केल्यास काय कारवाई होईल, हे त्यांत यावे लागते. नोंदणी दहा वर्षांची असते व तिचे नूतनीकरण करता येते. नोंदणीपेक्षाही हे नियम लिहून काढण्याचा लाभ मोठा आहे, कारण त्यानिमित्ताने संस्थेला स्वतःकडे पाहावे लागते.

तिसरा मुद्दा गणवेशाचा. कापडाचा रंग किंवा सदऱ्याची शिलाई यांवर सहसा कोणालाही मक्तेदारी सांगता येत नाही. खाकी कापड पोलीस वापरतात, वाहनचालक वापरतात आणि कारखान्यातील कामगारही वापरतात. संस्थेचा हक्क असतो तो गणवेशावरील नाव, पट्टी आणि बिल्ला यांवर. सैनिकाचा किंवा लोकसेवकाचा वेष फसवणुकीसाठी धारण करणे हा भारतीय न्याय संहिता, २०२३ अन्वये गुन्हा आहे. परंतु खाजगी स्वयंसेवी संस्थेच्या गणवेशाला हे विशेष संरक्षण मिळत नाही. त्याचा गैरफायदा घेऊन कोणी वर्गणी गोळा केली, तर तो फसवणुकीचा गुन्हा होऊ शकतो; पण तोपर्यंत नुकसान होऊन गेलेले असते.

म्हणून कायद्याइतकेच महत्त्व संस्थेच्या अंतर्गत शिस्तीला आहे. बिल्ल्यांना अनुक्रमांक असावेत व त्यांची नोंदवही असावी. संस्था सोडणाऱ्याकडून बिल्ला व ओळखपत्र परत घ्यावे. हरवलेल्या बिल्ल्याची नोंद त्याच दिवशी करावी. शिंप्याला व छापखान्याला संस्थेच्या लेखी पत्राखेरीज काम देऊ नये. ग्रामपंचायतीकडे संस्थेच्या चिन्हाचा नमुना आणि जबाबदार व्यक्तींची यादी दिलेली असावी, म्हणजे पूर आला असता दारात उभा असलेला माणूस खरोखर त्या संस्थेचा आहे किंवा नाही, हे ग्रामसेवकाला पाच मिनिटांत सांगता येईल.

मालकी नव्हे, विश्वस्तपण

पंचायत सदस्यांना या बाबतीत बरेच करता येण्यासारखे आहे. गावातील दवाखाने, औषधांची दुकाने व वाहने यांवरील तांबड्या फुलीबद्दल संबंधितांना प्रथम समजुतीने सांगावे. अनेकांना हा कायदाच माहीत नसतो आणि सांगितल्यावर ते पाटी आनंदाने बदलतात. न ऐकणाऱ्यांची माहिती जिल्हा प्रशासनाला कळविता येते. शिक्षकांची भूमिका याहून मोलाची आहे. बालवीर पथकात दीक्षाविधीच्या वेळी मूल आधी वचन देते आणि मगच त्याला बिल्ला लावला जातो. हा क्रम का आहे, हे त्या वयात समजलेला मुलगा पुढे कोणत्याही चिन्हाचा अनादर सहसा करणार नाही.

बौद्धिक संपदा हा शब्द उच्चारताच मालकी आणि मोबदला यांचा विचार मनात येतो. व्यापाऱ्याच्या चिन्हाबाबत ते योग्यही आहे, कारण ते चिन्ह त्याची कमाई राखते. स्वयंसेवी संस्थेचे चिन्ह मात्र संकटात सापडलेल्या माणसाचा विश्वास राखते. त्या विश्वासाची खरी मालक जनता असते आणि संस्था ही केवळ विश्वस्त असते. यास्तव दुसऱ्याने आपले चिन्ह वापरले म्हणून तक्रार करणाऱ्या संस्थेने, आपले स्वतःचे सदस्य त्या चिन्हाला शोभेल असे वागतात काय, हेही तितक्याच काटेकोरपणे तपासले पाहिजे. कायदा नक्कल करणाऱ्याला अडवू शकेल. पण खऱ्या बिल्ल्यामागे खरा सेवक उभा करणे हे काम संस्थेलाच करावयाचे आहे. ते झाले, तर उद्याच्या एखाद्या पुरात किंवा भूकंपात दंडावरची ती पट्टी पाहून कोणीतरी निर्धास्तपणे आपले मूल पुढे करील, आणि ते मूल सुरक्षित हाती पडेल.